रिकामी ओळ

तिनं पॅन्ट्रीतला मिक्सर रिकामाच चालू केला आणि मायक्रोफोन त्याच्या अगदी जवळ धरला. मिक्सर घरघरला, जागच्या जागी थरथरला, भांड्यावरचं झाकण टणटणायला लागलं. समोर लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर थोडा वेळ नुसता कर्सर लुकलुकला आणि मग, कुणीतरी विचार करून लिहावं तशी, एक ओळ उमटली.

'धन्यवाद, ठेवते आता.'

"मिक्सर फारच चांगल्या घरातला दिसतोय," मागून सहकारी म्हणाला.

तिला हसू आलं. ऑफिसात या सहकाऱ्याला सगळे बडबड्या म्हणत, अगदी तोंडावर म्हणत, आणि त्याचीही काही हरकत नसे. तिला त्यानंच पहिल्या दिवशी कानसेन हे नाव ठेवलं होतं. इथं येण्याआधी ती कमी ऐकू येणाऱ्यांची श्रवणयंत्रं तपासून, त्यांच्या कानाला जुळवून द्यायचं काम करायची. कुठला आवाज माणसाचा आणि कुठला भिंतीपलीकडच्या नळाचा, हे ती डोळे मिटून सांगे. म्हणूनच तिला इथं घेतलं होतं.

कंपनीचं यंत्र माणसाचं बोलणं ऐकून लिहून काढायचं. शहराच्या मदतवाहिनीवर ते बसवलेलं होतं. फोन घेणारी सगळी माणसं गुंतलेली असली की रांगेतला फोन आधी यंत्र उचलायचं. बोलणं ऐकायचं, लिहायचं आणि लिहिलेलं पाहून ठरवायचं, की या माणसाला आत्ताच्या आत्ता मदत हवी की याला थोडं थांबवलं तरी चालेल. शांत खोलीतलं बोलणं ते झकास लिहायचं. पण मदत मागणारा माणूस शांत खोलीत क्वचितच असतो. तो रस्त्यावर असतो, जिन्यात असतो, मागं कुणीतरी रडत असतं, गाड्या वाजत असतात. अशा गलक्यातही यंत्राला नीट ऐकू यावं, एवढंच तिचं काम होतं, आणि सुरुवात म्हणून ती माणूस नसलेले आवाज गोळा करत होती.

"आण इकडे, माझ्याकडे एकेक नमुने आहेत," म्हणत बडबड्यानं मायक्रोफोन ताब्यात घेतला. त्यानं लोखंडी खुर्ची फरशीवरून खरखरत ओढली. यंत्रानं लिहिलं, 'हॅलो, आवाज येतोय का?' त्यानं हात वाळवायच्या यंत्राखाली माइक धरला. 'हो हो, तोच पत्ता.' तो इतका हसला की हिशेबाच्या खोलीतल्या बाई डोकावून गेल्या. मग त्याला टेबलफॅन दिसला. त्यानं तो पूर्ण वेगात सोडला आणि माइक वाऱ्याच्या झोतात धरला. माइकवर वारा भडाभड आपटायला लागला.

'आता बरं वाटतंय. काळजी करू नका. धन्यवाद.'

"घ्या! पंख्यालाही बरं वाटलं."

ती हसली नाही. हात पुढं करून तिनं पंखा बंद केला.

"पुन्हा लाव."

"काय झालं?"

"पुन्हा लाव ना."

त्यानं लावला. पुन्हा तीच ओळ आली. पूर्णविरामसुद्धा त्याच जागी.

ती लॅपटॉप उचलून आपल्या जागेवर गेली. ही ओळ तिनं सकाळीच वाचली होती. मागं मोठं वादळ झालं होतं, त्या दिवशी मदतवाहिनीवर फोनांचा नुसता पाऊस पडला होता आणि बहुतेक फोन यंत्रानंच उचलले होते. ते सगळे फोन तपासायला तिच्याकडे आले होते. कमी निकडीचे म्हणून बाजूला काढलेल्या फोनांमध्ये ही ओळ होती. तिनं वाचली होती आणि कुणीतरी बरं आहे म्हणून मनातल्या मनात खूशही झाली होती.

शोधायला वेळ लागला नाही. एका ठिकाणी नव्हे, ती ओळ कितीतरी ठिकाणी होती. तिनं सगळ्यात लांबलचक फोन निवडला आणि हेडफोन कानांवर घट्ट बसवला.

आधी वारा होता. फोनच्या तोंडावर वारा आपटत होता, कुठंतरी सैल पत्रा धाडधाड वाजत होता. दुसऱ्या कुणाला एवढंच ऐकू आलं असतं. तिनं डोळे मिटले आणि सवयीनं वारा बाजूला सारला, पत्रा बाजूला सारला. त्यांच्यामागं एक आवाज होता. ओल्या लाकडातून करवत ओढावी तसा. आत जाताना लांब, बाहेर येताना त्याहून लांब. मध्ये थांबायचा, तिला वाटायचं संपला, आणि पुन्हा यायचा. काहीतरी खाली पडलं, गडगडत गेलं. फोनवर नखांचा आवाज आला, जणू कुणी तो हातात नीट धरू पाहत होतं. करवत पुन्हा सुरू झाली. मग तिच्या दोन ओढींमधलं अंतर वाढत गेलं. शेवटी नुसता वारा उरला, आणि तो बराच वेळ चालू होता.

शब्द एकही नव्हता.

तिनं हेडफोन काढला. बडबड्या टेबलाशी येऊन उभा होता. तिनं हेडफोन त्याच्या हातात दिला. त्यानं उभ्या उभ्या ऐकायला सुरुवात केली, मग खुर्चीचा हात धरला, मग बसला. पूर्ण ऐकू शकला नाही. हेडफोन टेबलावर ठेवून तो तिच्याकडे बघत राहिला.

"हा तर श्वास..." तो म्हणाला. "हे माणूस तर..."

"हो."

"आणि आपल्या यंत्रानं काय लिहिलं? बरं वाटतंय?"

सर आपल्या खोलीत जेवणाचा डबा उघडून बसले होते. कंपनी त्यांनीच उभी केली होती आणि जुन्या माणसांना ते अरे-तुरे करत. तिनं काही न सांगता त्यांना आधी ऐकवलं, मग पडद्यावरची ओळ दाखवली. मग बडबड्यानं टेबलफॅन आणून लावला. ओळ पुन्हा उमटली. सरांनी डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं नाही, तरी तसंच दाबत राहिले.

"हे येतं कुठून?" त्यांनी विचारलं.

संध्याकाळ व्हायच्या आत ते तिला सापडलं. पूर्वी मदतवाहिनीची तक्रार असायची, की गोंगाट असला की तुमचं यंत्र ओळ रिकामी सोडतं. रिकामी ओळ आम्ही काय करायची? म्हणून आधीच्या मंडळींनी यंत्राला शिकवताना नियम केला होता. ओळ रिकामी राहिली की ती चूक धरायची, काहीतरी लिहिलं की थोडी कमी चूक. यंत्र हुशार होतं. ते इतकंच शिकलं, की काही कळलं नाही तर लोक एरवी जे म्हणतात ते लिहून टाकावं. मदतवाहिनीवर लोक सगळ्यात जास्त काय म्हणतात? मदत मिळून गेलेली माणसं पुन्हा फोन करून म्हणतात, आता बरं वाटतंय, काळजी करू नका. जेवढा गोंगाट जास्त, तेवढं यंत्र जास्त गोड बोलायचं. आणि चुका कमी झाल्या म्हणून त्या वर्षी सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली होती.

"बंद करा," सर म्हणाले. "आत्ता. मी त्यांना फोन करतो. वादळ असो नाहीतर आग, यापुढं गोंगाटाचा फोन थेट माणसाकडे गेला पाहिजे."

त्यांनी फोन केला. मदतवाहिनीच्या पर्यवेक्षक बाई आधी ऐकूनच घेईनात. मग त्यांनी सगळे नंबर पडताळायला घेतले. बहुतेक ठिकाणी नशीब थोर होतं. कुणाचा फोन चुकून लागलेला, कुणी शेजाऱ्यांच्या मदतीनं निभावलेलं. त्या लांबलचक फोनपाशी आल्यावर बाईंचा आवाज बदलला.

"या बाई गेल्या हो. दम्याचा झटका. घरच्यांनी शेवटचं बोलणं मागितलं होतं, आम्ही कागद दिला त्यांना. ही ओळ लिहिलेला." मग त्या म्हणाल्या, "ती ओळ अजून त्यांच्याकडे आहे."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कायद्याचं काय व्हायचं ते होईल," ते म्हणाले. "पण हे त्यांना पत्रानं कळता कामा नये. कुणीतरी गेलं पाहिजे."

"मी जाते," ती म्हणाली. "मी ऐकलंय."

खाली उतरल्यावर जिन्यातच तिनं आईला फोन लावला.

"काय गं? आज भलत्या वेळी?"

"काही नाही. सहजच."

"सहज फोन करणाऱ्यांतली आहेस होय तू! काय झालं, बोल."

"तूच बोल ना काहीतरी," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून ऐकत राहिली. आई पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होती, मामीच्या गुडघ्याबद्दल बोलत होती. एकेक शब्द सुटा, स्वच्छ ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्या घरी गेली. मदतवाहिनीच्या बाईंनी आधी कळवून ठेवलं होतं, तिकडून कुणीतरी भेटायला येतंय म्हणून. दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. गेलेल्या बाईची ती आई होती, लेकीमागं जावयाकडेच राहत होती. घर लहान आणि लखलखीत होतं. जावई चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करायचा. जेवायला घरी आला होता, हात पुसत बाहेर आला. पन्नाशीचा, सडसडीत माणूस.

"तुम्ही फोनच्या ऑफिसातल्या ना?" म्हातारी म्हणाली आणि तिचा हात धरून तिला बसवलं. "बरं झालं बाई आलात. मला रोज वाटायचं, एकदा सांगावं तुम्हाला. माझी पोर अशी एकटी गेली, हे मला सहन झालं नसतं. हे जावई दुकानात अडकलेले, मी थोरलीकडे. पण तुमचा तो कागद आला आणि माझा जीव थाऱ्यावर आला. शेवटी बरं वाटत होतं तिला. झोपेत गेली म्हणायचं. होय ना?"

येताना बसमध्ये तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं.

"काळजी करू नका म्हणाली," म्हातारी म्हणाली. "तशीच होती ती. स्वतःचं काही नाही, दुसऱ्याचंच."

"आई," जावई मध्येच म्हणाला, "तुमची पडायची वेळ झाली. मी बोलतो यांच्याशी."

"अहो, पण त्यांना पाणी तरी..."

"देतो मी. तुम्ही पडा."

त्यानं सासूला आतल्या खोलीत नेऊन सोडलं, दार ओढून घेतलं, पाण्याचा पेला भरला आणि तिला मागच्या गॅलरीत घेऊन आला. तिथं दोरीवर कपडे वाळत होते. कपड्यांच्या आड दोघं उभी राहिली. तिनं पेला हातात घेतला, प्यायचं मात्र सुचलं नाही.

"मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली. "त्या कागदाबद्दल."

"मलाही," तो म्हणाला. "आधी माझं ऐकता? कारण किती दिवस मी या संधीची वाट बघतोय."

तिनं मान हलवली.

"ते ती बोललेली नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "मला पहिल्याच दिवशी कळलं. दमा चढला की तिला एक शब्द फुटायचा नाही हो. पाणी हवं असलं तरी बोटानं दाखवायची. आणि इथं एवढं मुद्देसूद? धन्यवादसकट? एरवी धडधाकट असताना कधी कुणाला धन्यवाद म्हणाली नाही. भाजीवाल्याशीसुद्धा भांडूनच घरी यायची." तो किंचित हसला. "आईंना मी काही बोललो नाही. त्यांना त्या ओळीनं झोप लागते, लागू दे."

तिनं वर पाहिलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं ना. म्हणून तर तुमच्या ऑफिसात गेलो होतो. रागानं नाही, तसं समजू नका. त्या दिवशी रस्त्यारस्त्यात झाडं पडलेली, गाडी येणार कुठून? मी दुकानातून चालत निघालो, तरी अंधार पडला पोचायला. हे सगळं मला कळतं." तो कपड्यांकडे बघत बोलत होता. "पण फोन किती वेळ चालू होता ते बघितलं मी. एवढा वेळ! म्हणजे कुणीतरी तिकडे धरून बसलं होतं. माझी बायको इकडे जीव काढतेय, हे तिकडून ऐकत होतं, आणि ठेवून दिला नाही फोन. शेवटपर्यंत सोबत केली. आणि मग त्या माणसाला वाटलं असेल, हे असं कसं लिहू? घरचे वाचतील. म्हणून त्यानं असं लिहिलं. बरं वाटतंय, काळजी करू नका. आमच्यासाठी लिहिलं ते."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे कोरडे होते, पण त्यांत काहीतरी इतकं उघडं होतं की तिला बघवेना.

"त्या माणसाला मला एकदा भेटायचंय. बाई आहे की बुवा, तेही माहीत नाही. त्यांनी नाव सांगितलं नाही, नियम नाही म्हणाले. तुम्ही त्यासाठीच आलात ना? पाठवलंय ना त्यांनी तुम्हाला?"

खालच्या रस्त्यावरून एक मोटार गेली. तिनं पेला कठड्यावर ठेवला.

"तिथं कुणी नव्हतं," ती म्हणाली.

"म्हणजे? जागेवरून उठलं होतं?"

"नाही. सगळे गुंतलेले होते, म्हणून फोन यंत्रानं उचलला. ऐकून लिहून काढणारं यंत्र असतं. आमचं आहे ते. त्याला वाऱ्यात काही ऐकू आलं नाही. आणि ऐकू आलं नाही की ते... आपल्या मनानं काहीतरी लिहायचं. कुणालाच माहीत नव्हतं. काल कळलं."

तो ऐकत होता, पण शब्द त्याच्यापर्यंत पोचत नसावेत. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि जड ऐकू येणारी माणसं करतात तसा कान थोडा पुढं केला.

"म्हणजे ते लिहिणारं..."

"कुणीच नव्हतं."

"आणि एवढा वेळ फोन धरून..."

"कुणी नव्हतं."

त्यानं दोरी पकडली. ओले कपडे खाली झुकले, एका सदऱ्याची बाही त्याच्या खांद्यावर येऊन पडली, ती त्यानं काढली नाही. त्याचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं. हा माणूस आता ओरडेल, आपल्याला घराबाहेर काढेल, असं तिला वाटलं. तसं केलं असतं तर बरं, असंही वाटलं. तो काहीच करत नव्हता. दोरी धरून नुसता उभा होता आणि त्याचा चेहरा तिच्यासमोर हळूहळू म्हातारा होत होता.

"मी दिवा लावायचो त्याच्या नावानं," तो म्हणाला. "नाव माहीत नव्हतं, तरी. सांगितलं नाही कुणाला. हसले असते लोक."

आतून म्हातारीच्या खोकल्याचा आवाज आला. त्यानं मान वळवून दाराकडे पाहिलं, खोकला थांबेपर्यंत तिकडेच पाहत राहिला.

"आईंना हे मी सांगेन," तो म्हणाला. "कधी, ते माझं मला ठरवू द्या."

"हो."

"आणि मी तुम्हाला दोष देत नाही असं नाही. ते नंतर देईन. आत्ता मला जमत नाहीये."

"द्या," ती म्हणाली. "द्यायलाच हवा."

त्यानं दोरी सोडली. सोडल्यावर हात कुठं ठेवावा हे त्याला कळेना. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं त्यानं विचारलं, "तुम्हाला काल कसं कळलं?"

"मी ऐकलं."

"काय ऐकलं?"

"तो फोन."

"सगळा?"

"सगळा."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. आणि त्यानंतरचा वाराही."

तो तिच्याकडे बघत राहिला. इतका वेळ तो तिच्याशी कुणातरी दुसऱ्याच्या वतीनं आलेली बाई म्हणून बोलत होता. आता त्यानं तिचा चेहरा पहिल्यांदा पाहिल्यासारखा पाहिला.

"म्हणजे तिला ऐकणाऱ्या तुम्ही पहिल्या," तो म्हणाला.

तो वाकला, कोपऱ्यातला पाट ओढून त्यावरची धूळ तळहातानं पुसली आणि तिच्यापुढं ठेवला. स्वतः उंबऱ्यावर बसला, आतल्या दाराला पाठ लावून, आवाज आत जाऊ नये म्हणून.

"बसा. आणि सांगा," तो म्हणाला. "सुरुवातीपासून. मला वाईट वाटेल म्हणून मधलं काही गाळू नका."

ती बसली. काल कानांनी ऐकलेलं आज तोंडानं सांगायचं होतं आणि सुरुवात कुठून करावी हे तिला उमगेना. तिनं डोळे मिटले.

"आधी बराच वेळ नुसता वारा आहे," ती म्हणाली. "मग श्वास ऐकू येतो."

"हं," तो म्हणाला. "पुढं?"